एका कानाने अचानक ऐकू येईना + चक्कर : नाशिकचं कोणी यातून गेलंय का?

सातपूर_फर्स्टशिफ्ट | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वय ४४, सातपूर एमआयडीसीत सीएनसी शॉपला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या वर्कशॉपला) सुपरवायझर आहे. जानेवारीत घरात सगळ्यांना सर्दी-ताप झाला, पोरं चार दिवसांत उड्या मारायला लागली, माझा ताप गेला पण डावा कान गच्च झाला. म्हटलं सर्दी उतरली असेल कानात. भोगीच्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला, मी नेहमीसारखा डाव्या कानाला लावला, हॅलो हॅलो, समोरून काही नाही. कट केला. परत आला, परत तेच. नेटवर्कला चार शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा बायकोने उचलून स्पीकरवर टाकला तर साहेब खणखणीत बोलत होते, उलट मलाच झापत होते की फोन का कापतो. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की फोन चांगला आहे, कान गेलाय.

दुपारी भोगीची भाजी-भाकरी घेऊन बसलो आणि ताट सरकायला लागलं. म्हणजे ताट जागेवरच होतं, पण मला ते डावीकडून उजवीकडे पळताना दिसत होतं, परत जागेवर यायचं, परत पळायचं. उठलो तो थेट फ्रिजवर जाऊन आदळलो. मग उलट्या. संडासला रांगत गेलो, खोटं नाही सांगत. आई म्हणे पित्त झालं, शेजारचे काका म्हणे सर्व्हायकल असणार, मानेचा पट्टा घेऊन आले बिचारे. जवळच्या डॉक्टरांनी चक्करची गोळी आणि कानातला मळ विरघळायचे ड्रॉप्स दिले, पाच दिवस घाला म्हणाले. घातले. कान तसाच.

आठव्या दिवशी मेहुण्याने गाडीत टाकून गंगापूर रोडला ईएनटीकडे नेलं. त्यांनी तो चिमट्यासारखा काटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून माझ्या कपाळावर मधोमध टेकवला, आवाज कुठे येतो? म्हटलं उजवीकडे. डॉक्टर म्हणाले मळ नाहीये हा, ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) आत्ता लगेच. उजवा कान १५, डावा ७५ डेसिबल (आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी). एमआरआय झाला, देवाच्या दयेने त्यात काही नाही. निदान लॅबिरिंथायटिस, आतल्या कानाचा दाह, बहुतेक व्हायरल. स्टिरॉइडच्या गोळ्यांचा दोन आठवडे कोर्स झाला, डोस कमी करत करत बंद.

आज चार आठवडे झाले. गरगर थांबली आहे, पण चालताना डावीकडे झोल जातो. सोसायटीचा वॉचमन परवा हसून म्हणाला "साहेब, सकाळी सकाळी?" काय बोलणार. कानात चोवीस तास मिक्सर चालू आहे. ऐकू येणं जवळपास तेवढंच. आता डॉक्टर म्हणताहेत कानाच्या पडद्यातून आत स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ, आणि माझी तंतरली आहे. घेऊ का? थांबून बघू? तोल येतो का परत? गाडी चालवता येईल का? कोणी गेलं असेल यातून तर प्लीज लिहा.

मामी_पंचवटी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

अरे बाळा, काळजी करू नको. लसूण घालून तिळाचं तेल कोमट करून दोन थेंब सोड रात्री. आमच्या ह्यांचा दडा असाच बसला होता, तीन दिवसांत मोकळा.

ऑडिओवाली | ९ फेब्रुवारी, रात्री ११:०५

मामी, तुमच्याबद्दल आदर आहे पण प्लीज तेल नको. मी ऑडिओलॉजिस्ट आहे (ऐकण्याच्या तपासण्या करते), डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. ह्यांचा कान दडा बसल्याने बंद नाहीये. तेल पडद्याच्या बाहेरच राहतं, बिघाड आहे पडद्याच्या, मधल्या कानाच्या पलीकडे हाडाच्या आत. आणि पडद्याला छिद्र असेल तर तेल आत जाऊन वेगळंच लफडं होतं.

सातपूर, तुमच्या प्रश्नाचं आधी एका ओळीत उत्तर: इंजेक्शनचा निर्णय "बघू पुढच्या महिन्यात" असा लांबवू नका, उद्याच डॉक्टरांना फोन करा. अचानक कान जातो तेव्हा स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेल्या सगळ्यात चांगल्या, आणि गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नाही तर पडद्यातून इंजेक्शन साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात देतात. तुम्ही चौथ्यात आहात. नंतर दिलं तर काहीच होत नाही असं नाही, पण हाती लागण्याची शक्यता कमी होत जाते.

आता जरा मोठं लिहिते कारण आमच्याकडे दर महिन्याला असे पेशंट उशिरा येतात आणि जीव तुटतो. आतल्या कानात दोन खाती एकाच घरात राहतात. गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी ऐकण्याची, आणि तिला लागूनच तीन अर्धगोल नळ्या तोल सांभाळणाऱ्या, आतलं पाणी एकच. म्हणून त्या घराला सूज आली की दोन्ही खाती बसतात. नुसती तोलाची नस सुजली तर भयंकर चक्कर येते पण ऐकू नीट येतं, त्याला व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस म्हणतात. दोन्ही गेलं की लॅबिरिंथायटिस. ताट का पळत होतं? उजवा कान मेंदूला रोजच्यासारखा रिपोर्ट पाठवत होता, डावीकडून रिपोर्ट बंद. मेंदूला वाटलं हा माणूस गर्रकन फिरतोय, त्याने डोळे त्या हिशोबाने हलवले.

डॉक्टरी व्याख्या अशी आहे की तीन दिवसांच्या आत, लागून असलेल्या तीन फ्रिक्वेन्सीला (आवाजाच्या पट्ट्यांना) ३० डेसिबल किंवा जास्त घट, आणि ती आतल्या कानाची किंवा नसेची. असा माणूस दारात आला तर ती इमर्जन्सी धरायची. घरी एक ढोबळ अंदाज घेता येतो, तोंड मिटून "हूंऽऽ" करा. मळाने किंवा सर्दीने बंद असेल तर गुणगुण बंद कानात जास्त वाजते, नसेचा प्रॉब्लेम असेल तर चांगल्या कानात. हा फक्त अंदाज आहे, ह्यावरून घरी बसू नका, पण रविवारी संध्याकाळी "उद्या बघू की आज जाऊ" ठरवायला बरा.

आणि हे सगळ्यांसाठी: चक्करसोबत बोलणं जड होणं, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, आयुष्यात झालं नाही असं डोकं दुखणं किंवा धरूनही उभं राहता न येणं, ह्यातलं काहीही असेल तर कानवाल्याकडे नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. मेंदूचा झटकासुद्धा चक्कर आणि बहिरेपण घेऊन येऊ शकतो. कानाभोवती पुटकुळ्या आणि त्याच बाजूचा चेहरा ढिला पडला तर ती नागीण असते, तिथेही एक दिवस थांबायचं नाही.

चिवडा_कोंडाजीगल्ली | ९ फेब्रुवारी, रात्री ११:३०

बाप रे. मी तोंड मिटून हूं करून बघितलं, बायको विचारते काय झालं.

गोदाकाठची | १० फेब्रुवारी, सकाळी ६:५०

शाळेला निघायच्या आधी लिहितेय, त्रोटक वाटलं तर समजून घ्या. मी ह्यातून गेलेय. २०२१, उजवा कान, तुमच्यासारखंच तापानंतर. मी तर बारा दिवस घालवले कारण तेव्हा कोविडच्या भीतीने कोणी दवाखान्याची पायरी चढत नव्हतं. ऐकू येणं परत आलं नाही. तोल आला. साडेचार-पाच महिने लागले पण आला, आज मी पांडवलेणीच्या पायऱ्या चढते-उतरते, उतरताना कठडा धरते एवढंच.

जे कोणी सांगत नाही ते सांगते. एका कानाने ऐकू कमी येतं हा त्रास निम्मासुद्धा नाही. आवाज *कुठून* आला हे कळत नाही, तो खरा त्रास. कुकरची शिट्टी बाहेरच्या रस्त्यावर वाजल्यासारखी वाटते. मोबाईल घरात वाजतोय तर मी चार खोल्या फिरते. वर्गात मागून कोणी बोललं तर कुठल्या पोराने बोललं ते समजायचं नाही, मी भलत्यालाच उभं करायचे, एकदा तर एका गरीब मुलीला विनाकारण रागावले, ती रडायला लागली तेव्हा मी वर्गाला सरळ सांगून टाकलं की बाईंचा हा कान सुट्टीवर गेलाय, बोलायचं तर हात वर करून. चौथीची मुलं ती. मोठ्या माणसांपेक्षा पटकन समजली. आता कोणी हात न करता बोललं तर तीच एकमेकांना दटावतात.

लग्नात, हॉटेलात कोपरा पकडायचा, गेलेला कान भिंतीकडे. तुमचा डावा आहे तर तुम्ही टेबलाच्या डाव्या टोकाला बसा, म्हणजे सगळी माणसं उजव्या बाजूला येतील.

दिंडोरी_बागवाला | १० फेब्रुवारी, दुपारी १:१५

आमच्या वडलांची गोष्ट सांगतो. त्यांना टीबी झाला होता तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया रोज घेतल्या, टीबी बरा झाला पण दोन्ही कानांचा तोल गेला. ऐकू येतं बऱ्यापैकी. दिवसा माणूस तुम्हाला ठणठणीत वाटेल. पण चालता चालता बोर्ड वाचा म्हटलं तर वाचता येत नाही, म्हणतात अक्षरं नाचतात, उभं राहिलं की थांबतात. आणि खरी गंमत रात्री. आमच्याकडं थ्री फेजची लाईट आठवड्याआड रात्रीची, बागेला पाणी द्यायला रात्री बारानंतर जावं लागतं. ओल्या मातीत अंधारात त्यांना चार पावलं टाकता येत नाहीत, दोनदा तारेवर पडले. आम्ही म्हणायचो म्हातारपण. मग एका डॉक्टरने समजावलं की माणूस तीन गोष्टींवर उभा असतो, डोळे, पाय आणि कान. ह्यांचा कान नाहीच, अंधारात डोळे गेले, चिखलात पायाला काही कळेना, राहिलं काय? तेव्हापासून रात्रीचं पाणी मी बघतो आणि त्यांच्या चपला बंद करून पातळ कडक तळाचे बूट दिले.

ऑडिओवाली | १० फेब्रुवारी, दुपारी २:०२

बागवाला, ह्याहून नीट मलाही समजावता आलं नसतं. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही एकाच घराण्यातली औषधं, जीव वाचवतात पण आतल्या कानाला लागू शकतात. गरज असेल तेव्हा घ्यावीच लागतात, फक्त आधी कानाचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगून ठेवायचं.

सातपूर_फर्स्टशिफ्ट | १० फेब्रुवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना फोन केला. उद्या पहिलं इंजेक्शन.

बागवाला, तुमचं वाचून एक कोडं सुटलं. रोज अंघोळीला डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटले की मी भिंत शोधायचो, मला वाटायचं साबणाने घसरतंय.

अडगळ | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

माझ्या आईला (६८, शुगर) मागच्या आठवड्यात असंच झालंय, एक कान बंद, चक्कर नाही. स्टिरॉइड दिलं तर शुगर वाढेल म्हणून घरच्यांनी थांबवून ठेवलंय. काय करावं?

ऑडिओवाली | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:४१

शुगर वाढते हे खरं आहे. पण म्हणून थांबू नका, आजच ईएनटी आणि शुगरचे डॉक्टर दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. गोळ्या जमत नसतील तर पहिल्यापासूनच पडद्यातून इंजेक्शन देता येतं, त्यात औषध थेट कानात जातं आणि बाकी शरीरात फार कमी. निर्णय त्यांचा, पण तो आज व्हायला हवा.

अडगळ | १२ फेब्रुवारी, रात्री ८:१५

नेलं. इंजेक्शन सुरू केलं. थँक्यू, खरंच.

सातपूर_फर्स्टशिफ्ट | २ मार्च, संध्याकाळी ६:४५

अपडेट. तीन इंजेक्शनं झाली, आठवड्याला एक. जे घाबरलेत त्यांच्यासाठी सविस्तर: आडवं झोपवतात, कान वर. आधी पडदा बधीर करायचं औषध लावतात, मग बारीक लांब सुई, टोचल्याचं फार नाही पण औषध आत गेलं की कानात गार पाणी सोडल्यासारखं होतं आणि अर्धा-एक मिनिट खोली फिरते. मी टेबलाची कड घट्ट पकडली होती, नर्स म्हणाली सोडा, टेबल कुठे पळत नाही. मग अर्धा तास तसंच पडून राहायचं, बोलायचं नाही, आवंढा गिळायचा नाही, कारण गिळलं की औषध घशाकडे उतरतं. अर्धा तास आवंढा न गिळता राहून बघा एकदा. पाचव्या मिनिटाला तोंडात गोदावरीला पूर.

रिझल्ट: ७५ वरून ५५. आकड्यात छान वाटतं, पण खरं सांगायचं तर आवाज येतो, शब्द फुटत नाहीत. फाटक्या स्पीकरवर बातम्या लावल्यासारखं. "भात वाढू का" आणि "हात धू जा" एकच वाटतं. डॉक्टर म्हणाले अजून थोडं सुधारू शकतं, पहिल्यासारखं होईल अशी खात्री देत नाही. सरळ सांगितलं ते बरं वाटलं.

तोलासाठी फिजिओथेरपी लावली आहे, व्हेस्टिब्युलर रिहॅब. पहिला व्यायाम ऐकून हसलो होतो. भिंतीवर डोळ्याच्या उंचीला एक अक्षर चिकटवायचं, आम्ही पोराच्या वहीच्या कागदावर मोठा "क" काढून लावला, त्याच्याकडे बघत राहायचं आणि मान नाही नाही म्हटल्यासारखी डावी-उजवी हलवायची. अक्षर स्पष्ट राहायला हवं. एक मिनिट. एवढंच. वीस सेकंदात "क" चा "फ" झाला आणि पोटात ढवळायला लागलं. मॅडम म्हणाल्या ढवळतंय म्हणजे बरोबर चाललंय, थोडं ढवळलं पाहिजे पण उलटीपर्यंत जायचं नाही. मग बसून, मग उभं राहून, मग गादीवर उभं राहून. दिवसातून तीनदा. ह्या गोष्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉथॉर्न आणि कुक्सी नावाच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी बसवल्या म्हणे, तोल गेलेल्या लोकांसाठी.

आणखी एक. मी चक्करची गोळी अजून चालूच ठेवली होती, भीतीपोटी. ती बंद केली, डॉक्टरांना विचारून. पहिले दोन-तीन दिवस वाईट गेले.

ऑडिओवाली | २ मार्च, संध्याकाळी ७:३०

गोळीचं बरं झालं लिहिलंत. स्टेमेटिल, स्टुजेरॉन सारख्या गोळ्या पहिल्या काही दिवसांत उलट्या थांबवायला हव्यातच. पण त्या तोलाची यंत्रणाच झोपवतात, आणि महिनोन्‌महिने चालवल्या तर मेंदू नवीन हिशोब शिकणार कधी? आमच्याकडे लोक दोन-दोन वर्षं घेत राहतात, मेडिकलवाला देतो, कोणी विचारत नाही. चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, पण विचारा तरी.

तिवंधा_चौक | ३ मार्च, सकाळी १०:००

दादा, रंगपंचमीला या आमच्या रहाडीत, रंगाच्या हौदात! एक उडी मारली की सगळे रोग बरे, पेशव्यांच्या काळापासूनचा अनुभव आहे.

गोदाकाठची | ३ मार्च, सकाळी १०:४८

अजिबात नाही! चेष्टा म्हणून ठीक आहे पण सातपूर, उडी मारू नका हां. मला तरण तलावावर अनुभव आला आहे. पाण्यात डोकं गेलं की पाय टेकलेले नसतात, डोळे मिटलेले, बागवाल्यांच्या वडलांच्या चिखलासारखंच. वर कुठे आणि खाली कुठे हे कळेनासं झालं मला, चार फूट पाण्यात! कोचने दंड धरून काढलं. आणि रहाडीतलं पाणी तर रंगाचं, काही दिसत नाही. रामकुंडावर पण पायरीवर बसून तांब्याने घ्या.

ऑडिओवाली | ३ मार्च, सकाळी ११:१०

शंभर टक्के सहमत. आणि नाशिक ढोलपासूनही लांब राहा, आता एकच चांगला कान आहे. कंपनीत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा असते, शॉपवर इअरप्लग घालताय ना?

सातपूर_फर्स्टशिफ्ट | ३ मार्च, रात्री १०:०५

मर्दा तिवंधा, दरवर्षी मारतो उडी, ह्या वर्षी काठावर उभा राहून तुमच्यावर बादली ओतेन.

प्लग घालतो. पण त्याने वेगळाच घोळ झाला. चांगल्या कानात प्लग घातला तर मला काहीच ऐकू येत नाही, आणि शॉपवर मशीनचा अलार्म कुठला वाजतो हे तर आधीच कळत नव्हतं, अकरा मशीन, सगळ्यांचा टूं टूं सारखाच. आता मशीनवरचे लाल-पिवळे-हिरवे दिवे बघत फिरतो. पोरांनी एक केलं, मी विचारलंही नव्हतं, तीन जुन्या मशीनचे जळके दिवे बदलून टाकले. फोर्कलिफ्ट डावीकडून आली तर पोरगा शिट्टी मारण्याऐवजी समोर येऊन हात करतो. मॅनेजमेंटला सांगायला मात्र मला दोन आठवडे लागले, वाटलं घरी बसवतील. बसवलं नाही, सेकंड आणि थर्ड शिफ्ट काढली माझी.

पाथर्डी_फाटा | ५ मार्च, दुपारी ४:२०

भाऊ, अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढून घ्या ना, सिव्हिलला. एसटी पास, इन्कम टॅक्स सगळ्यात फायदा.

अडगळ | ५ मार्च, संध्याकाळी ५:०५

आईसाठी मी चौकशी केली होती. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात व्याख्या दोन्ही कानांची आहे. दोन्ही कानांत ७० डेसिबल घट म्हणजे कर्णबधिर, ६० ते ७० म्हणजे श्रवणदोष. आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. एक कान ठणठणीत असेल तर तिथपर्यंत आकडा जात नाही.

सातपूर_फर्स्टशिफ्ट | ५ मार्च, रात्री ९:१५

म्हणजे घरच्यांना मी "तुला काय झालंय, दिसतो तर चांगला" आणि सरकारलापण तेच. ठीक आहे.

सातपूर_फर्स्टशिफ्ट | १३ एप्रिल, सकाळी ५:३५

कोणी जागं आहे का? पहाटे कूस बदलली आणि परत सुरू. सगळी खोली गरागरा. तीन महिने मागे गेलो का मी? हात थरथरताहेत लिहिताना. उजव्या कानाने ऐकू येतंय, बघून घेतलं.

ऑडिओवाली | १३ एप्रिल, सकाळी ६:१०

किती वेळ फिरलं? मिनिटाच्या आत थांबलं का? आणि फक्त ठराविक कुशीवर?

सातपूर_फर्स्टशिफ्ट | १३ एप्रिल, सकाळी ६:१४

हो. वीस-तीस सेकंद असेल. डाव्या कुशीवर. उताणा पडलो की नाही.

ऑडिओवाली | १३ एप्रिल, सकाळी ६:२२

मग बहुतेक ते जुनं दुखणं परत आलेलं नाही. आतल्या कानात बारीक खडे असतात, चुन्याचे, संसर्गानंतर ते सुटून त्या अर्धगोल नळीत जाऊन पडतात. बीपीपीव्ही म्हणतात. लॅबिरिंथायटिसनंतर होतं बऱ्याच जणांना. डॉक्टर डोकं एका बाजूला करून झटकन आडवं पाडून डोळे बघतात, खात्री झाली की त्याच टेबलावर डोकं टप्प्याटप्प्याने वळवून खडे जागेवर आणतात, एपली मॅन्युव्हर. गोळ्यांनी खडे हलत नाहीत. आज दाखवा आणि यूट्यूब बघून स्वतः करू नका, कुठल्या नळीत आहेत ते माहीत नसताना.

सातपूर_फर्स्टशिफ्ट | १४ एप्रिल, रात्री ८:००

तेच निघालं. टेबलावर पाडल्यावर आयुष्यातली सगळ्यात वाईट वीस सेकंदं, मग इकडे वळा, तिकडे वळा, उठून बसा. पाच मिनिटांचं काम. बाहेर आलो, बायको म्हणते झालं? म्हटलं झालं. आजपर्यंत एवढा स्वस्तात कधी बरा झालो नव्हतो.

मामी_पंचवटी | १४ एप्रिल, रात्री ८:४५

देव पावला रे बाबा. तेल नाही सांगत आता कोणाला.

दिंडोरी_बागवाला | २० मे, रात्री ९:१०

सातपूर, गाडीचं काय केलं शेवटी? वडलांनी सोडली, पण तुम्ही तरणे आहात.

सातपूर_फर्स्टशिफ्ट | २२ जून, दुपारी १२:३०

उशीर झाला, सॉरी. गाडी मे महिन्यात सुरू केली, डॉक्टर हो म्हणाल्यावर, पहिले आठ दिवस फक्त कॉलनीत, नंतर त्र्यंबक रोड. उजवा आरसा होताच, डावा आरसा तुटून दोन वर्षं झाली होती तो आता लावला. हॉर्न कुठूनही वाजो, मला उजवीकडेच येतो, त्यामुळे हॉर्नवर विश्वास ठेवायचाच नाही, मान वळवून बघायचं. मान वळवणं सुरुवातीला जमत नव्हतं, भिंतीवरच्या "क" ने जमवलं. द्वारका चौकात अजून जात नाही, तिकडे दोन कानवाल्यांचंपण काही खरं नाही. रात्रीची अजिबात चालवत नाही, सिटीलिंकच्या बसने जातो.

क्रॉस नावाचं मशीन पंधरा दिवस ट्रायलला आणलं होतं, गेलेल्या कानावर माईक आणि तो आवाज चांगल्या कानात. घरात आणि मीटिंगला मस्त, डावीकडून बायको बोलली की कळतं (तोटा म्हणा की फायदा). शॉपवर मात्र डावीकडचा सगळा खडखडाट उजव्या कानात ओतला जातो, परत दिलं. कोणी ऑफिसात बसणारं असेल तर जरूर घालून बघा, विकत घ्यायच्या आधी ट्रायल मागा.

मिक्सर चालूच आहे. पण आता शेजाऱ्याचा मिक्सर वाटतो. रात्री पंखा फुल ठेवला की त्यात विरतो.

तोलाचं, मागच्या चतुर्थीला नवश्या गणपतीला गेलो होतो. फेब्रुवारीत तिथेच आरतीला हात जोडून डोळे मिटले आणि पुढच्या आजींच्या पाठीवर गेलो होतो, त्यांनी वळून असं बघितलं की अजून आठवतं. ह्या वेळी खांबापाशी उभा राहिलो, डोळे मिटले, पायाची बोटं चपलेशिवाय फरशीला रोवून. डुलत होतो थोडा, पण सुखकर्ता पूर्ण झाली. खांबाला हात लावला नाही, लावायला तयार ठेवला होता.

एकच गोष्ट अजून सुटत नाही, सवयीने फोन डाव्या कानालाच जातो. परवा मेहुण्याचा फोन गाडी पुसता पुसता तसाच धरला आणि तो काय बोलतोय ते कळेना म्हणून नुसतं "हो, हो, चालेल" करत बसलो. काल तो दारात हजर, विचारतो पैसे रोख देताय की चेक.

चिवडा_कोंडाजीगल्ली | २२ जून, दुपारी १२:४१

किती हो म्हणालात?

सातपूर_फर्स्टशिफ्ट | २२ जून, दुपारी १२:४४

पन्नास. तेही आज उजव्या कानाने विचारून घेतलं.